उल्कावती आणि काशाची नगरी

एका राज्यात सावल्या उलट्या पडत. सूर्य पूर्वेला असला की माणसाची सावलीही पूर्वेलाच पडे, आणि झाडाखाली टेकायला गेलेला गुराखी उन्हात भाजून परत येई. सात वर्षे हे असेच चालले होते. लोकांनी झाडांच्या उलट बाजूला बसायची सवय करून घेतली होती. हे कशामुळे झाले ते एका पक्ष्याला ठाऊक होते. तो सांगायलाही तयार होता; पण त्याच्याजवळ थांबायला कोणाला सवड नव्हती.

तो पक्षी म्हणजे एक म्हातारा धनेश. राज्याच्या सीमेवर काळा कडा होता, कड्यात एक भेग होती, आणि भेगेच्या तोंडाशी उंबराच्या फांदीवर हा धनेश आपली जड चोच सावरीत बसे. ती भेग म्हणजे दुसऱ्या सृष्टीचे दार. आपल्या सृष्टीला खेटून आणखी एक सृष्टी आहे. तिथे हेच डोंगर आहेत, ह्याच नद्या आहेत, आणि इथल्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याचा एक माणूस तिथे आहे. चेहरा तोच, नशीब मात्र निराळे.

त्या पल्याडच्या सृष्टीत सुवेल नावाची नगरी होती आणि तिची राखणदार होती उल्कावती. शंभर हत्तींचे बळ तिच्या दोन बाहूंत होते. तिच्या खांद्यावर तलवार पडली तर तलवारीलाच दाते पडत. आपण जिना चढतो तशी ती वारा चढून जाई. सुवेलच्या लोकांना तिचा मोठा अभिमान होता, आणि तिला स्वतःचा त्याहून मोठा.

कंकट, घर्घर आणि नीलाक्ष असे तीन जादूगार होते. तीनदा ते सुवेल लुटायला आले. तीनदा उल्कावतीने त्यांना वेशीवरून उचलून नदीपलीकडे भिरकावले, आणि तटावर उभ्या लोकांनी टाळ्या पिटल्या. मार विसरता येतो, टाळ्या विसरता येत नाहीत. चौथ्या वेळी ते गुपचूप आले, तेव्हा उल्कावती दूर उत्तरेला एका गावावरचा पूर अडवीत होती. ती परतली तो सारी नगरी काशाची झालेली! पाणी शेंदणाऱ्या बाया काशाच्या, भांडणारे शेजारी काशाचे, ओट्यावर बसलेले तिचे म्हातारे वडील, आबा, तेही काशाचे. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला, तर खांदा घंटेसारखा वाजला.

वेशीच्या कमानीवर कोरले होते: “आवाज नेला, आठवण नेली, श्वास नेला. राखणदार कुठे होती?”

उल्कावतीने ती अक्षरे दोनदा वाचली. मग तिने शपथ घेतली. “तिघांना मारीन. माझ्या हाताने मारीन. त्याआधी घरच्या अन्नाला शिवणार नाही.”

सात वर्षे तिने आपली सृष्टी धुंडाळली. ते तिघे मात्र भेगेतून या राज्यात पळून आले होते, आणि चोरीचा माल घेऊन दार ओलांडल्यामुळेच इथल्या सावल्या उलटल्या होत्या. शेवटी तिला भेग सापडली. एका भर दुपारी ती कड्यातून बाहेर पडली.

“थांब, बाई,” धनेश म्हणाला. “या दाराचे नियम आहेत. ऐकून जा.”

“नियम माझ्या शत्रूंना सांग,” उल्कावती म्हणाली आणि वाऱ्यावर पाय देऊन निघून गेली.

पहिला सापडला कंकट. राज्याच्या उत्तरेला त्याने गड बांधला होता. त्याच्याजवळ एक शंख होता आणि शंखात सुवेलचा सारा आवाज कोंडलेला. कंकटाने शंखातून आज्ञा केली की ऐकणाऱ्याला ती मोडवत नसे. बारा गावांचे लोक त्याच्यासाठी फुकट राबत होते, आणि आपण का राबतो हे त्यांनाही सांगता येत नव्हते.

उल्कावती गडाच्या बुरुजावर उतरली. कंकटाने शंख ओठांना लावला, आणि त्यातून तिच्या आबांचाच आवाज आला. “उल्के, गुडघे टेक.”

तिचे गुडघे वाकले. आयुष्यात पहिल्यांदा वाकले. मग तिच्या अंगात असा संताप चढला की पायांखालचा दगड फुटला. तिने कंकटाची मानगूट धरली.

“थांब!” कंकट ओरडला. “मला मारलेस तर शंख…”

ती थांबली नाही. एका ठोशात बुरूज कोसळला आणि बुरुजाबरोबर कंकट. त्याच क्षणी त्याच्या हातातला शंख तडकला. उल्कावतीने तो उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हते, साधी समुद्राची गाजसुद्धा नाही. पण विजयाच्या भरात तिला त्याचे काही वाटले नाही. धुळीत ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “एक झाला.”

तेवढ्यात खाली घोड्यांच्या टापा वाजल्या. राज्याची महाराणी ऋतंभरा शंभर स्वार घेऊन आली होती. दोघींची नजरानजर झाली आणि स्वारांनी लगाम खेचले. कारण दोघींचा चेहरा एकच होता. तेच कपाळ, तेच नाक, मान ताठ धरायची तीच तऱ्हा. पल्याड उल्कावती म्हणून जन्मली ती इथे ऋतंभरा म्हणून जन्मली होती. तिकडे तिला बळ मिळाले, इकडे सिंहासन.

“माझ्या राज्यात माणूस मारणारी तू कोण?” महाराणीने विचारले.

“ज्याला मारले तो सात वर्षे तुझ्या राज्यात होता. बारा गावे त्याने गुलाम केली. तू काय केलेस?”

महाराणी म्हणाली, “हे विचारायचा तुला हक्क आहे. त्याच्या आज्ञेपुढे माझे सैन्य दोनदा मागे फिरले, ही माझी शरम आहे. पण या राज्यात न्यायाशिवाय माणूस मरत नाही. तुझे आणखी शत्रू असतील, तर त्यांना जिवंत माझ्या दरबारात आण.”

“नाही आणले तर?”

“तर मी तुला आडवी येईन.”

उल्कावती हसली. “तुझ्यात बळ किती?”

“एका बाईचे,” महाराणी म्हणाली आणि घोड्यावरून उतरून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तलवारीला तिने हात लावला नाही.

उल्कावतीने आजवर पुष्कळ शूर माणसे पाहिली होती. त्या सर्वांच्या हातात काही ना काही होते.

इतक्यात पंखांचा मोठा आवाज झाला आणि म्हातारा धनेश एका पडक्या कमानीवर येऊन बसला. उडून उडून त्याला धाप लागली होती.

“आता तरी ऐकशील?” तो म्हणाला. “दाराचे नियम तीन. चोरलेली वस्तू चोराने स्वतःच्या हाताने दिली तरच ती जिवंत राहते. त्याला मारून घेतली तर ती मरते. निष्पापाचे रक्त ज्याच्या हातून सांडेल त्याला दार परत घेत नाही. आणि जे रागाने फुटले, ते फोडणाऱ्याने आपल्या जिवाभावाचे काही ओतल्याशिवाय भरत नाही.”

उल्कावतीने हातातल्या शंखाकडे पाहिले. “म्हणजे नगरी जागी झाली तरी मुकी?”

“मुकी. शंख भरत नाही तोवर मुकी.”

ती खाली बसली. शंभर हत्तींचे बळ असलेली ती बाई एका दगडावर बसली, तेव्हा फार थकलेली दिसली. महाराणीने आपल्या खोगिराची पाण्याची पिशवी सोडून तिच्यापुढे धरली आणि तीही शेजारी टेकली.

“तुझे वडील आहेत?” महाराणीने हळूच विचारले.

“आहेत. काशाचे झाले आहेत.”

“माझे मी पाळण्यात असताना गेले. त्यांचे एक चित्रही कोणी काढले नाही. तुझे कसे दिसतात?”

उल्कावतीने तिच्याकडे नीट पाहिले. “डाव्या भुवईवर व्रण आहे. लहानपणी झाडावरून पडले होते, पण लोकांना सांगतात की वाघाशी झुंज झाली. हसू दाबायला गेले की त्यांचे कान हलतात.”

महाराणी हसली आणि मग तिने डोळे पुसले. उल्कावती उठली. “दोघांना जिवंत आणते,” ती म्हणाली. “वचन नव्हे. बघते.”

दुसरा होता घर्घर. पश्चिमेला खाऱ्या पाण्याचे सरोवर होते, मधोमध तांब्याचे घर होते, आणि घराला सात दारे होती. सात दारांवर सात राक्षस होते. त्यांचे उल्कावतीला काही विशेष वाटले नाही. एकेका चपराकीत सातही राक्षस सरोवरात पडले आणि बुडबुडे काढू लागले. आतल्या खोलीत घर्घर एका आरशासमोर बसला होता. आरशात सुवेलची आठवण होती. कोणाचे लग्न, कोणाचे पहिले पाऊल, कोणाची आईशी झालेली शेवटची भेट. सात वर्षे तो बसून लोकांच्या आठवणी बघत होता. सुवेलच्या टाळ्या सोडल्या तर त्याची स्वतःची अशी आठवण फारशी उरली नव्हती.

उल्कावतीची मूठ उगारली गेली आणि तिथेच राहिली.

“मारत का नाहीस?” घर्घर म्हणाला. मग त्याच्या तोंडावर हसू पसरले. “अच्छा! तुला नियम समजला तर. मी दिला तरच आरसा जिवंत राहील.”

“मग दे.”

“तू तीनदा मला नदीपलीकडे फेकलेस. सारी नगरी टाळ्या पिटत होती. ऐक, उल्कावती. जादूगाराचे वचन म्हणजे त्याचा प्राण. मी वचन देतो: हात पसरून, डोके खाली घालून मला आरसा माग, मी देईन.” आणि तो मांडीवर थाप मारून हसू लागला. कारण उल्कावतीने कधी कोणापुढे हात पसरला नाही हे दोन्ही सृष्टींत ठाऊक होते.

उल्कावती उभी होती. सात वर्षे तिने या माणसाला मारण्याची स्वप्ने पाहिली होती, आणि त्यांतल्या एकाही स्वप्नात ती त्याच्यासमोर वाकलेली नव्हती. आरशात त्या वेळी एक बाई आपल्या लेकाला झोपवीत होती.

उल्कावतीने हात पसरले. डोके खाली घातले. “सुवेलसाठी मागते,” ती म्हणाली. “आरसा दे.”

घर्घराचे हसू थांबले. आरसा न द्यावा असे त्याच्या मनात आले, त्याबरोबर त्याचा श्वास अडकला. वचन गळ्याशी आले होते. त्याने आरसा तिच्या तळहातांवर ठेवला.

आणि नवल असे, की मान वर केली तेव्हा उल्कावतीला आपण लहान झाल्यासारखे वाटले नाही. तिने घर्घराला काखोटीला मारले आणि राजधानीला आणून महाराणीच्या वाड्याच्या पायऱ्यांवर ठेवले.

“नीलाक्ष कुठे आहे?” महाराणीने त्याला विचारले.

घर्घर तिरका हसला. “नीलाक्षाचा चेहरा पाहिजे ना? दक्षिण वेशीला रंगाऱ्यांची आळी आहे. तिसरे घर.”

उल्कावती तिथे पोहोचली. अंगणात मोठमोठ्या हंड्यांतून निळा रंग उकळत होता आणि एक माणूस लांब काठीने लुगडी ढवळीत होता. तो वळला. तोच चेहरा! तेच घारे डोळे, तीच तुटक भुवई. तिने झेप घेऊन त्याला भिंतीशी दाबले.

“नीलाक्ष!”

“मी माणकू,” तो माणूस घुसमटत म्हणाला. “माणकू रंगारी. बाई, मारायचे तर मारा, पण आधी एवढे लुगडे काढू द्या. जास्त वेळ राहिले तर रंग काळा पडतो. लग्नाचे आहे हो कुणाचे तरी.”

आतून त्याची बायको सगुणी धावत आली. तिच्या हातात लाटणे होते, आणि ते तिने उल्कावतीच्या पाठीत घातले. लाटण्याचे दोन तुकडे झाले. “सोडा माझ्या माणसाला!” ती ओरडली. “त्याने मुंगी मारली नाही कधी!”

पूर्वीची उल्कावती असती तर ठोसा पडून गेला असता. नीलाक्ष हा तिघांत कपटी. रंगाऱ्याचे सोंग त्याला अवघड नव्हते. पण तिच्या कमरेला तडकलेला शंख बांधलेला होता, आणि माणकूचे डोळे तिच्याकडे नव्हतेच, हंड्याकडे होते. तिने हात सोडला.

“लुगडे काढ,” ती म्हणाली. “मग माझ्याबरोबर दरबारात चल. तुम्हीही चला, बाई.”

दरबार भरला. महाराणी सिंहासनावर, उजव्या हाताला तिचे राजज्योतिषी त्र्यंबकभट, शुभ्र दाढीचे, सात वर्षांपूर्वी कुठूनसे आलेले. माणकू मधोमध उभा, निळे हात जोडून, मागे सगुणी. म्हातारा धनेश खिडकीत बसला होता.

“हाच तो,” ज्योतिषी म्हणाले. “महाराणी, चेहराच साक्ष देतो. राखणदारबाईंनी शपथ घेतली आहे, ती पुरी होऊ द्या. विलंब कशाला?”

“याच्याजवळ सुवेलचा श्वास सापडला नाही,” उल्कावती म्हणाली.

“लपवला असेल! एवढीशी चंदनाची डबी, ती लपवायला कितीसा वेळ लागतो? मारा त्याला. उकळत्या रंगात टाका.”

दरबारात कोणाच्या काही ध्यानात आले नाही. उल्कावती मात्र सावकाश वळली.

“ज्योतिषीबुवा,” ती म्हणाली, “श्वास कशात ठेवला आहे हे मला ठाऊक नाही. महाराणींना ठाऊक नाही. डबी, आणि तीही चंदनाची, हे तुम्हाला कोणी सांगितले?”

म्हाताऱ्याचा हात नकळत आपल्या कमरेकडे गेला, आणि त्या घाबरलेल्या क्षणी त्याचे सोंग सुटले. दाढी विरघळली, सुरकुत्या ओघळल्या, आणि माणकूच्या चेहऱ्याचा दुसरा माणूस तिथे उभा राहिला. सगुणी किंचाळली. आपल्या हातून निष्पाप मरावा आणि आपल्याला दार कायमचे बंद व्हावे, हा त्याचा बेत होता, हे उल्कावतीला कळले. तिने एका पावलात त्याला गाठले. तिची बोटे त्याच्या गळ्याभोवती होती.

“या राज्याचा कायदा असा आहे,” महाराणी शांतपणे म्हणाली, “की निष्पापावर खोटा आळ घेणाऱ्याला त्याने मागितलेलीच शिक्षा होते. तू उकळता रंग मागितलास, नीलाक्ष.”

नीलाक्षाने डबी काढून उंच धरली. “मला मारलेत तर हिच्यातला श्वास विझेल! जीव सोडा, मी ती माझ्या हाताने देतो.”

“सोडणे माझ्या एकटीच्या हातात नाही,” महाराणी म्हणाली. “उल्कावती, तू त्याला मारायची शपथ घेतली आहेस. शपथ मोडशील?”

उल्कावतीने शपथ मोडली असे कधी घडले नव्हते. नीलाक्षाच्या गळ्यातली नाडी तिच्या बोटांखाली सशासारखी उडत होती. जरा दाबले की सात वर्षांची आग विझणार होती.

“शपथ माझी होती,” ती म्हणाली. “श्वास त्यांचा आहे.”

आणि तिने हात सोडला. ती हे बोलली तेव्हा तिचा स्वर इतका उंच आणि स्वच्छ होता, की महाराणी सिंहासनावरून उठून उभी राहिली आणि तिच्याबरोबर दरबार उठला. नीलाक्षाने डबी तिच्या हातावर ठेवली. त्याच घटकेला चौकातल्या सावल्या गर्रकन फिरून आपापल्या ठिकाणी पडल्या, आणि सात वर्षांत पहिल्यांदा लोक झाडाच्या बरोबर बाजूला बसले.

घर्घर आणि नीलाक्ष या दोघांना महाराणीने आरशात पाहायला लावले. आठवणी ओढून घेणाऱ्या त्या आरशाने त्यांच्या डोक्यातले सारे मंत्र पिऊन टाकले. घर्घराला कंकटाच्या बारा गावांचे बांध घालायला पाठवले. नीलाक्षाला माणकूच्या हाताखाली दिले. एकाच चेहऱ्याचे दोघे काठीने लुगडी ढवळू लागले, आणि सगुणी दोघांपैकी एकालाच भाकरी गरम वाढे.

कड्यापाशी उल्कावती आणि महाराणी एकमेकींना भेटल्या.

“शंखाचे काय करशील?” महाराणीने विचारले.

“माझ्याजवळ ओतण्यासारखे एकच आहे.”

“ते दिल्यावर तू कोण राहशील?”

उल्कावती म्हणाली, “तुझ्यासारखी. मला चालेल.”

भेगेतून ती आपल्या सृष्टीत गेली. काशाच्या नगरीच्या चौकात तिने आरसा ठेवला, डबी उघडली, आणि तडकलेला शंख दोन्ही हातांनी छातीशी धरला. शंभर हत्तींचे बळ तिने त्यात ओतले. आधी बाहू रिते झाले, मग खांदे, मग पाय. शंख जड झाला, इतका जड की तिला तो पेलवेना. तोल जाऊन ती गुडघ्यांवर आपटली, आणि शंख तिच्या हातून सुटून जमिनीवर पडला आणि वाजला.

नगरी जागी झाली. सगळ्यांत आधी ऐकू आले ते दोन शेजाऱ्यांचे भांडण, सात वर्षांपूर्वी जिथे अडले होते तिथून पुढे. मग रहाट कुरकुरला, कोंबडा आरवला, आणि पाहता पाहता सुवेल कलकलाटाने भरून गेली. आबा ओट्यावरून उठून आले.

“उल्के, गुडघ्याला रक्त आलंय तुझ्या,” ते चकित होऊन म्हणाले. तिच्या अंगावर त्यांनी रक्त कधी पाहिलेच नव्हते.

उल्कावतीने लोकांना चौकात बोलावले आणि काही न लपवता सारे सांगितले. ती पूर अडवायला गेली ते, कंकटाला रागात मारले ते, हात पसरला ते, शपथ मोडली ते, बळ गेले ते. सांगताना तिने एकदाही नजर खाली केली नाही.

गर्दीतून एक बाई म्हणाली, “मग आता आमची राखण कोण करणार, ताई?”

“पहाटेचा पहारा माझा,” उल्कावती म्हणाली. “दुपारचा कोणाचा, ते बोला.”

आबांनी काठी आपटली. “दुपारचा माझा!”

“तिन्हीसांजेचा आमचा,” भांडणारे दोघे शेजारी एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे रागाने पाहू लागले. मग कासार उठला, मग कोष्टी, मग पाण्याच्या घागरी खाली ठेवून बाया पुढे आल्या. सगळे एकदम बोलत होते, कोणाचे कोणाला ऐकू येत नव्हते, आणि त्या गोंगाटाच्या मधोमध उल्कावती कमरेवर हात ठेवून ताठ उभी होती.

सुवेलचा तट आजही उभा आहे म्हणतात, आणि त्यावर पहारा द्यायचा मान मिळावा म्हणून तिथले लोक आजही एकमेकांशी भांडतात.